उठवण्याची वर्गणी

त्या सोमवारी किल्लीवाले पाच वाजून दहा मिनिटांनी उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, निळा सदरा घातला, खुंटीवरची किल्ली घेतली, चालत तलावावर गेले, कुलूप काढलं, दिवे लावले आणि पोहणाऱ्यांच्या वहीत तारीख टाकली. सगळं कसं शिस्तीत झालं. अडचण एवढीच, की हे सगळं त्यांनी झोपेत केलं. झोपेत चालत नव्हे. तसं असतं तर निदान तलाव तरी उघडला असता. ते पलंगावर उजव्या कुशीवर होते आणि किल्ली खुंटीवर होती.

सात वाजता दारावर धडाधड थापा पडल्या. दार उघडलं तर समोर मुख्याध्यापिकाबाई. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. डोक्याला रबरी टोपी, अंगावर मोठा टॉवेल, पायांत सपाता. मागे दातांचे डॉक्टर उभे होते आणि त्यांचे स्वतःचेच दात वाजत होते.

"किल्लीवाले, आपण जिवंत आहात का?" बाईंनी विचारलं. "असाल तर उशीर झालाय. नसाल तर तसं कुणाकरवी कळवायला हवं होतं."

"पण मी तर मघाशीच उघडला," किल्लीवाले म्हणाले.

"काय उघडला?"

"तलाव."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी किल्लीवाल्यांच्या पायजम्याकडे पाहिलं. मग किल्लीवाल्यांनीही स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना अंगावर सदरा नसल्याची लाज वाटली.

आता किल्लीवाले आळशी होते असं कुणी म्हणेल, तर त्याच्या तोंडी लागू नये. आळस वेगळा आणि झोप वेगळी. आळशी माणूस जागा असून उठत नाही. किल्लीवाले झोपले की तिथे नसतच. गजराच्या घड्याळाचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नसे. एकतीस वर्षं बायको त्यांना उठवत आली. खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "अहो, उठा." एवढंच. आवाज मोठा नाही, हलवणं नाही. ती गेल्यावर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मेहुणीनं हालचाल केली आणि त्यांचं नाव एका उठवण्याच्या सेवेत घातलं. दर महिन्याला कार्डातून वर्गणी आपोआप कापली जायची आणि रोज पाच वाजून दहा मिनिटांनी एका बाईंचा फोन यायचा. खऱ्या बाई, रेकॉर्ड केलेला आवाज नाही. त्या फोन सहजासहजी सोडायच्या नाहीत. झोपलेला माणूस नीट बोलायला लागेपर्यंत विचारत राहायच्या. चौदा महिने असं बिनबोभाट चाललं होतं.

फोन का आला नाही, याचं उत्तर फोनमध्येच होतं. मेहुणीनं चष्मा लावून ते वाचून दाखवलं. "आपलं पेमेंट अयशस्वी झालं आहे. आम्ही पुन्हा प्रयत्न करू." त्याखाली, चार दिवसांनंतरचं, "आमचा दुसरा प्रयत्नही अयशस्वी झाला आहे." त्याखाली, "तिसरा प्रयत्न." आणि शेवटी, काल संध्याकाळचं, "आपलं खातं निष्क्रिय करण्यात आलं आहे. आपली आठवण येईल."

"भाऊजी, एवढे निरोप आले, तुम्ही एकही वाचला नाही?"

"मला वाटलं, ते काहीतरी प्रयत्न करतायत तर करू दे. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"कार्डाची मुदत संपलीय तुमच्या. नवीन मागवलंत का?"

बँक नवीन कार्ड स्वतःहून पाठवते, हे किल्लीवाल्यांना माहीत नव्हतं. आणि किल्लीवाल्यांचं घर सकाळी रिकामं असतं, हे बँकेला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी किल्लीवाल्यांचं लक्ष कार्डाकडे नव्हतंच. सकाळपासून एक गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती आणि ती कुणाला सांगावी की नाही, ते ठरत नव्हतं.

गोष्ट अशी, की त्यांना बायकोनं उठवलं होतं.

हे नीट समजून घ्यायला हवं. गेल्या चौदा महिन्यांत ती सगळ्यांच्या स्वप्नात येऊन गेली होती. मेहुणीच्या दोनदा. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या बायकोच्या एकदा. एवढंच काय, गॅसच्या टाक्या आणणाऱ्याच्याही स्वप्नात ती आली होती आणि टाकी वजनाला कमी भरली म्हणून त्याला चांगलंच झापलं होतं. तेव्हापासून तो काटा घेऊन फिरायचा. आली नव्हती ती फक्त नवऱ्याच्या स्वप्नात. लोक सांगायचे, किल्लीवाले "असं का, बरं वाटलं" म्हणायचे आणि मनातून जळून कोळसा व्हायचे. ज्या माणसानं एकतीस वर्षं संसार केला, त्याच्या आधी गॅसवाल्याचा नंबर लागावा, याला काय म्हणायचं?

आणि सोमवारी ती आली. खांद्यावर हात ठेवला, "अहो, उठा." ते उठले. स्वयंपाकघरात तलावाचं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, निळं आणि स्वच्छ, तळाच्या फरशा दिसत होत्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती त्याच पाण्यातून चालत चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तो पांढरा नको, निळा सदरा घाला. पांढऱ्याची कॉलर विरलीय." पुढचं आपण पाहिलंच.

मंगळवारीही ती आली. बुधवारीही. हिशेब किल्लीवाल्यांच्या ध्यानात आला. चौदा महिने ती उंबऱ्याशी येत असणार, आणि नेमक्या त्याच वेळी फोन वाजत असणार.

इकडे तलावाचं काय झालं? मंगळवारी पोहणारे पुन्हा दारात ताटकळले. बुधवारी तलावाच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं, तेही शिक्क्यासकट. "आपण सलग तीन दिवस वेळेत कुलूप काढलेले नाही. सभासदांनी लेखी तक्रार केली आहे. शनिवारी तलाव पावणेसहाला उघडला न गेल्यास किल्ली बागेच्या माळ्याकडे सुपूर्द करावी." सोबत जोडलेल्या लेखी तक्रारीतलं शुद्धलेखन इतकं निर्दोष होतं, की ती कुणाची ते विचारायची गरज नव्हती.

किल्लीवाल्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. किल्ली गेली तर? पगार फारसा नव्हता, त्याचं एवढं नाही. पण सव्वीस वर्षं पहाटेचं ते शांत पाणी सगळ्यांच्या आधी त्यांनी पाहिलं होतं. शिवाय नावच किल्लीवाले. किल्ली नसलेल्या किल्लीवाल्याला हाक तरी काय मारायची? आणि उठायची सोय करावी, तर ती पुन्हा यायची बंद होणार. एका हातात किल्ली, दुसऱ्या खांद्यावर तिचा हात, आणि दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत असं दिसत होतं.

शेजाऱ्यांना यातलं पहिलं अर्धच माहीत होतं, त्यामुळे त्यांनी मदत सुरू केली. मदत करणाऱ्या शेजाऱ्याला आवरणं म्हणजे उतारावरच्या हातगाडीला आवरण्यासारखं आहे. पोस्टमास्तर म्हणाले, "गजराचं घड्याळ पितळी पातेल्यात ठेवा. पातेलं पत्र्याच्या डब्यावर. डब्यात चमचे." गुरुवारी पहाटे ही रचना वाजली तेव्हा सगळी इमारत उठली. वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल उठलं, पलीकडच्या घरातला कुत्रा उठला, खुद्द पोस्टमास्तर पलंगावरून खाली आले. किल्लीवाल्यांच्या स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून झाकणी सुटली. "हात सुटला हो," ती म्हणाली, "तुम्ही घ्या चहा."

मेहुणीनं येऊन दार वाजवलं. आत बायको म्हणाली, "बसा तुम्ही, मी बघते," आणि पाण्यातून पावलं टाकत दारापर्यंत जाऊन आली. "कुणी नाही," म्हणाली.

गुरुवारी दुपारी मेहुणीनं त्यांना समोर बसवलं. "भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला उठायचंच नाही ना?"

किल्लीवाल्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगून टाकलं. पाणी, चहा, निळा सदरा, झाकणी, दार.

मेहुणीनं चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, "म्हणजे सकाळी दारात मी होते, आणि ताई मला 'कुणी नाही' म्हणाली?"

"तसं नाही गं. तिला तू दिसली नसशील."

"दिसले नसेन कशी? माझ्याशी तिचं नेहमीचंच आहे हे." तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि जरा सावरून म्हणाली, "बरी दिसते का?"

"बरी दिसते."

"मग तिला विचारा, माझी लहान कात्री कुठे ठेवलीय तिनं."

झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन मजले फिरून आली, आणि जे लोक सकाळपर्यंत किल्लीवाल्यांना उठवायला टपले होते, तेच आता त्यांना झोपवायला आले. पोस्टमास्तरांच्या बायकोनं स्वेटरची वीण कागदावर काढून आणली. तिसऱ्या ओळीत काय करायचं तेवढं वहिनींना विचारा म्हणाल्या. पोस्टमास्तरांना आपला पेचकस हवा होता, तो वहिनींनी दोन वर्षांपूर्वी नेला होता. "घाई नाही," ते उदारपणे म्हणाले, "सवडीनं विचारा. पण आधी माझं विचारा, मग विणीचं." किल्लीवाल्यांना हे फार लागलं. माणसाचं खासगी म्हणून काही असतं की नाही? आपली बायको आपल्याला भेटते, ती काय चौकशीची खिडकी आहे?

तरी शुक्रवारी स्वप्नात त्यांनी कात्रीचं विचारलं. माणूस शेवटी मेहुणीपुढे किती टिकणार? बायको खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, पाणी आता तिच्या खुर्चीच्या पहिल्या आडव्या दांडीपर्यंत होतं. "बघते," ती म्हणाली. जिवंतपणीही तिचं उत्तर हेच असायचं.

त्या शुक्रवारी किल्लीवाल्यांना उठवलं ते मुख्याध्यापिकाबाईंनी. मेहुणीकडची जादा चावी घेऊन त्या थेट पलंगाशी आल्या आणि आपली ओली रबरी टोपी त्यांच्या चेहऱ्यावर पिळली. तलाव बंद असताना टोपी ओली कशी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्या घरून बादलीत बुडवून आल्या होत्या. तयारीनं येणं म्हणतात ते हे.

"शनिवार उद्या आहे," बाई म्हणाल्या. "माळ्याला मी पाहिलंय. तो नऊला उठतो. मला माळी नकोय. मला तुम्ही हवे आहात, पण वेळेवर. चला, बँकेत."

बँकेत कार्डांच्या खिडकीमागे एक सावकाश माणूस होता. त्यानं पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली. "कार्ड तीनदा पाठवलं. तीनदा परत आलं. घर बंद."

"पहिल्या दोनदा मी तलावावर होतो," किल्लीवाले म्हणाले.

"आणि तिसऱ्यांदा? मंगळवारी सहा पंचेचाळीसला?"

"तेव्हा मी घरीच होतो."

"मग दार का उघडलं नाही?"

"झोपलो होतो. पण दाराशी जाऊन पाहिलं होतं आमच्या घरातून. कुणी नाही म्हणाली."

"कोण म्हणालं?"

"मिसेस."

कारकुनानं पुन्हा पडदा पाहिला. "मिसेसचं खातं तर आपण मागच्या वर्षी बंद केलंय."

"खातं बंद केलंय," किल्लीवाले म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाई खोकल्या. हा खोकला चाळीस वर्षं वर्गांच्या दारांत ऐकू आला होता. कारकून आपोआप सरळ बसला. त्यानं कागदावर लिहिलं, "ग्राहक घरी असूनही घरी नव्हते," त्यावर किल्लीवाल्यांची सही घेतली आणि खणातून कार्ड काढून दिलं. एवढ्यासाठी एक तास दहा मिनिटं लागली.

घरी येऊन मेहुणीनं कार्डाचा नंबर घातला. सेवेनं तो घेतला, आभार मानले आणि कळवलं, की निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करण्यासाठी ग्राहकाची खात्री फोनवरून केली जाईल, आणि तो फोन उद्या सकाळी सहा ते सात या वेळात येईल.

"उद्या सहाला?" मेहुणी ओरडली. "अहो, पण पावणेसहाला तलाव, आणि फोन तर तुम्ही खिडकीतच ठेवून जाता! उठलात तर घरात नाही, आणि घरात असलात तर उठलेले नाही!"

 किल्लीवाल्यांना आतून, अगदी आतून, थोडं हायसं वाटलं होतं आणि त्याचीच लाजही वाटत होती. मेहुणी वर गेली. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. ते त्या उन्हात हात ठेवून बसले. चार वाजता फोन वाजला.

"नमस्कार. आमची सेवा सोडून गेलेल्या ग्राहकांशी आम्ही बोलतो," पलीकडून आवाज आला. आवाज ओळखीचा होता. रोज पाच दहाला यायचा, तोच. दुपारी मात्र तो जरा दमलेला वाटत होता. "सेवा बंद करण्याचं कारण सांगाल का? मी पर्याय वाचते. एक, वर्गणी महाग वाटली. दोन, वेळ सोयीची नव्हती. तीन, दुसरीकडे सोय झाली. चार, इतर."

"तीन," किल्लीवाले म्हणाले.

"दुसरी कुठली कंपनी?"

"कंपनी नाही. घरचंच माणूस."

कळा दाबल्याचा आवाज आला. "सर, आमच्याकडे आपण एकटे राहता अशी नोंद आहे."

"नोंद बरोबर आहे."

 मग त्या बाईंनी हळूच विचारलं, "काका, मग कोण उठवतं?"

आणि किल्लीवाल्यांनी त्यांना सगळं सांगितलं. मेहुणीला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, कारण या बाईंना कात्री नको होती. आपण चौदा महिने वाट पाहिली, गॅसवाल्याचा हेवा केला, हेही सांगितलं. उद्या किल्ली जाणार हेही सांगितलं. "तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले, "तुम्ही फार चांगलं उठवता. पण तुम्ही आलात की ती येत नाही."

बाईंनी पलीकडे खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "माझे वडील पण असेच झोपायचे." आणि पुढे त्याबद्दल काही सांगितलं नाही. "काका, त्या किती वाजता येतात?"

"पाच दहाला. तुमचीच वेळ."

"आणि चहा होईपर्यंत किती वेळ लागतो?"

किल्लीवाल्यांनी विचार केला. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "दहा मिनिटं."

"तलावावर किती वाजता पोचायचं?"

"पावणेसहा. चालायला दहा मिनिटं."

"मग मी पाच वीसला करू का फोन? तुमचा उठल्यावरचा चहाचा वेळ वाचेल. तो तर आधीच झालेला असेल."

किल्लीवाल्यांना हे पटायला थोडा वेळ लागला. हिशेब त्यांनी बोटांवर दोनदा केला. दोन्ही वेळा बरोबर आला.

"पण ती खात्री? उद्या सहाची?"

"खात्री म्हणजे काय, ग्राहक खरा आहे ना, एवढंच बघायचं असतं," बाई म्हणाल्या. कळा वाजल्या. "मी लिहिते, बोलणं झालं, ग्राहक खरा आहे. खातं चालू केलंय काका. वर्गणी आत्ता कापली जाईल. हां, गेली. यशस्वी."

ही गोष्ट किल्लीवाल्यांनी मेहुणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "स्वप्नातल्या चहानं पोट भरतं का कुठे?" पण तिनं वाद घातला नाही, आणि संध्याकाळी बिस्किटांचे दोन पुडे आणून त्यांच्या खुंटीखाली ठेवले.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाई साडेपाचलाच तलावाच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात घड्याळ आणि काखेत टॉवेल. दातांचे डॉक्टरही होते. फाटकाआड माळी स्टूल टाकून बसला होता आणि जांभया देत होता, किल्ली आपल्याला मिळू नये अशी प्रार्थना करत असावा. व्यवस्थापकही आले होते. हे सगळं किल्लीवाल्यांना नंतर कळलं.

घरात पाणी आज गुडघ्यापर्यंत होतं आणि खिडकीतून आलेला उजेड त्याच्या तळाशी हलत होता. बायकोनं खांद्यावर हात ठेवला. "अहो, उठा." ते उठून बसले. चहा आला. त्यांनी फुंकर घालून प्यायला, घाईत नाही, पण रेंगाळलेही नाहीत. ती खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. कॉलरचं काही बोलली नाही, म्हणजे सदरा निळाच असणार.

"आज लवकर निघायचं आहे," ते म्हणाले.

"मग निघा की. मी कुठे अडवलंय?"

"अडवलंस असं नाही गं."

तेवढ्यात फोन वाजायला लागला. बायको उठली. दाराकडे गेली नाही. पाण्यातून खिडकीपाशी गेली, तिथला फोन उचलला, कानाला लावला आणि थोडा वेळ ऐकत राहिली. पलीकडचं माणूस काय सांगत होतं कुणास ठाऊक, पण ती हसली. मग फोन हातावर धरून ती त्यांच्याजवळ आली.

"घ्या, तुमचाच आहे," ती म्हणाली. "उठवणाऱ्या बाई आहेत. किती छान बोलतात हो. पैसे भरलेत ना यांचे?"

किल्लीवाल्यांनी फोन घेतला. तिच्या हातातून घेताना तो ओला लागला, आणि कानाला लावला तेव्हा कोरडा होता.

"भरले गं," ते म्हणाले.

"हो काका, मिळाले," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "पाच वीस झालेत. उठा आता."